नोंदवहीची साक्ष : दक्षिणी ब्लूफिन ट्यूनाच्या मासेमारीतील प्रामाणिक नोंदींचा इतिहास

प्रास्ताविक

समुद्रातून किती मासे काढले गेले, याचा पहिला आणि बहुधा एकमेव साक्षीदार म्हणजे ते काढणारा माणूस. शेतातले पीक उभे असताना पाहता येते, जंगलातली झाडे मोजता येतात. मासा मात्र हाती लागेपर्यंत अदृश्य असतो. त्यामुळे मत्स्यसाठ्यांविषयीचे आपले बरेचसे ज्ञान मच्छीमारांनी स्वतः भरलेल्या नोंदवह्यांवर उभे आहे. ही नोंद खोटी असेल, तर केवळ एखादा नियम मोडला जातो असे नाही; त्या नोंदीवर उभारलेले विज्ञान आणि त्या विज्ञानाच्या आधारे झालेले आंतरराष्ट्रीय करार यांचाही पाया खचतो.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा ऐतिहासिक विचार एकाच माशाच्या अनुषंगाने केला आहे. हा मासा म्हणजे दक्षिणी ब्लूफिन ट्यूना. ट्यूनाच्या कुळातील मासे कोकण किनाऱ्यावर ‘कुपा’ या नावाने परिचित आहेत. दक्षिणी ब्लूफिन हा त्यांचा थोरला भाऊबंद. तो सुमारे ४० वर्षे जगू शकतो व उशिरा वयात येतो. त्याचे ज्ञात असलेले एकमेव प्रजननक्षेत्र हिंदी महासागरात, जावा बेटाच्या दक्षिणेस आहे. तेथून तो ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्याकडे आणि पुढे दक्षिण गोलार्धातील थंड समुद्रांत पसरतो.

मासेमारीचा विस्तार आणि कोट्याचा उदय

या माशाची मोठ्या प्रमाणावरील मासेमारी १९५० च्या दशकात सुरू झाली. मैलोगणती लांबीच्या दोरीला हजारो गळ लावून, म्हणजे लाँगलाइन पद्धतीने, जपानी जहाजे खोल समुद्रात मोठे मासे पकडत. ऑस्ट्रेलियाच्या बोटी किनाऱ्याजवळ लहान वयाचे मासे पकडत. १९६० च्या दशकाच्या प्रारंभी वार्षिक पकड सुमारे ८०,००० टनांवर पोहोचली आणि त्यानंतर ती उतरत गेली. १९८० च्या दशकाच्या मध्यास ऑस्ट्रेलिया, जपान व न्यूझीलंड यांनी स्वेच्छेने पकडीवर मर्यादा घालण्यास आरंभ केला. १९८९ मध्ये तिघांची एकत्रित मर्यादा ११,७५० टन ठरली : जपान ६,०६५, ऑस्ट्रेलिया ५,२६५ व न्यूझीलंड ४२० टन. १९९३ मध्ये या तीन देशांनी करारावर सह्या केल्या व १९९४ पासून दक्षिणी ब्लूफिन ट्यूना संवर्धन आयोग अस्तित्वात आला. त्याचे कार्यालय कॅनबेरा येथे आहे.

कोट्यामुळे नोंदीचे स्वरूपच पालटले, ही बाब येथे ध्यानात घ्यावयास हवी. कोटा नव्हता तेव्हा नोंदवही हा धंद्याचा हिशोब होता. कोटा आल्यावर ती कायद्यासमोरची जबानी झाली. जास्त मासे लिहिणे म्हणजे स्वतःची मासेमारी लवकर थांबविणे, असा अर्थ होऊ लागला. ज्याच्या विरुद्ध पुरावा वापरला जाणार, त्यानेच तो पुरावा लिहावयाचा, अशी ही रचना होती. आणि लिहिणारा किनाऱ्यापासून हजारो मैल दूर, कोणाच्याही नजरेबाहेर होता.

बाजाराच्या वहीची साक्ष

१९९० च्या दशकात साठ्याच्या स्थितीविषयी तीव्र मतभेद निर्माण झाले. साठा सावरत आहे की नाही हे ठरविण्यासाठी अधिक माहिती हवी, या भूमिकेतून जपानने १९९८ मध्ये कोट्याव्यतिरिक्त ‘प्रायोगिक मासेमारी’ सुरू केली. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांनी हा वाद आंतरराष्ट्रीय समुद्रविधी न्यायाधिकरणापुढे नेला. न्यायाधिकरणाने २७ ऑगस्ट १९९९ रोजी तात्पुरता मनाईचा आदेश दिला; पुढे ऑगस्ट २००० मध्ये लवाद मंडळाने आपल्याला या वादाचा निवाडा करण्याचा अधिकार नसल्याचे ठरवून तो आदेश रद्द केला. या साऱ्या वादात दोन्ही पक्ष पकडीच्या अधिकृत आकड्यांचा आधार घेत होते. ते आकडेच किती खरे, हा प्रश्न मात्र काही वर्षांनी ऐरणीवर आला.

त्याला उत्तर मिळाले ते समुद्रावर नव्हे, तर बाजारात. जपान हीच या माशाची प्रमुख बाजारपेठ. तोक्योच्या त्सुकिजीसारख्या घाऊक बाजारांत लिलावाला आलेल्या मालाची नोंद होत असे. ही नोंद व जहाजांनी कळविलेली पकड यांचा मेळ बसत नसल्याचे दिसल्यावर आयोगाने २००६ मध्ये स्वतंत्र तज्ज्ञांकडून बाजाराची तपासणी करविली. अनेक वर्षे प्रत्यक्ष पकड कळविलेल्या पकडीपेक्षा पुष्कळ अधिक असली पाहिजे, असा तिचा निष्कर्ष होता. जपानने आकड्यांचा तो अंदाज पूर्णतः मान्य केला नाही. तथापि २००७ पासून पाच वर्षांसाठी आपला कोटा ६,०६५ वरून ३,००० टनांवर आणण्यास संमती दिली.

त्याच वेळी दुसरी तपासणी ऑस्ट्रेलियाच्या मत्स्यपालनाची झाली. १९९० च्या दशकापासून ऑस्ट्रेलियाचे मच्छीमार लहान मासे जाळ्याने घेरून, तरंगत्या पिंजऱ्यांतून पोर्ट लिंकन येथे ओढून नेत व तेथे पोसून विकत. पिंजऱ्यात शिरणारे मासे चित्रफितीवरून मोजले जात. सरासरी वजन मात्र काही थोड्या माशांच्या नमुन्यावरून काढले जाई. नमुन्यात लहान मासे अधिक आले, तर कोट्यातून कमी वजन वजा होई. या तपासणीतून निर्विवाद निष्कर्ष निघू शकला नाही. म्हणजेच संशयाची सुई केवळ एकाच राष्ट्राकडे वळत नव्हती.

इतिहासाच्या अभ्यासकाला या प्रसंगात विशेष स्वारस्य वाटावे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी बखरींपेक्षा समकालीन अस्सल कागदपत्रांना प्रमाण मानण्याचा आग्रह धरला. जहाजाची नोंदवही समकालीन होती, अस्सल होती, प्रत्यक्षदर्शीने लिहिलेली होती; तरीही ती विश्वसनीय ठरली नाही. उलट लिलावाची नोंद मासेमारीविषयी काही सिद्ध करण्यासाठी लिहिलेलीच नव्हती, म्हणूनच ती बोलकी ठरली. कागद केव्हा लिहिला गेला याइतकेच तो कोणत्या हेतूने लिहिला गेला, हेही साधनचिकित्सेत महत्त्वाचे ठरते.

ज्ञानाची हानी

दडविलेल्या पकडीने माशांचे जे नुकसान झाले ते उघड आहे. ज्ञानाचे झालेले नुकसान अधिक सूक्ष्म आहे. साठ्याचा अंदाज बांधताना शास्त्रज्ञ मुख्यतः दोन गोष्टी पाहत : एकूण किती मासे काढले गेले आणि ठराविक संख्येच्या गळांना किती मासे लागले. दोन्ही आकडे त्याच नोंदवह्यांतून येत. दडविलेले मासे नोंदलेल्याच गळांना लागले होते की न नोंदलेल्या, हे कळल्याशिवाय जुनी मालिका दुरुस्तही करता येत नाही. पहिल्या शक्यतेत जुने पकडीचे प्रमाण खोटे ठरते. दुसऱ्या शक्यतेत ते खरे राहते, पण साठ्यावरील भाराचा अंदाज चुकतो. ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञ टॉम पोलाशेक व कॅम्पबेल डेव्हिस यांनी २००८ मध्ये या प्रश्नाची चर्चा करताना त्याचे पडसाद उष्णकटिबंधातील इतर ट्यूनांच्या अभ्यासापर्यंत पोहोचतात हे दाखविले आणि पकडीच्या आकड्यांची स्वतंत्र पडताळणी आवश्यक असल्याचे प्रतिपादन केले. एका माशाची खोटी नोंद अशा रीतीने दुसऱ्या माशाच्या इतिहासावरही सावली टाकते.

खूणपट्टी आणि जनुके

यानंतर दोन दिशांनी सुधारणा झाली. पहिली प्रशासकीय. जपानने २००६ पासून प्रत्येक जहाजाचा कोटा स्वतंत्र केला व माशांना खूणपट्टी लावणे सक्तीचे केले. १ जानेवारी २०१० पासून आयोगाने सर्व सदस्यांसाठी पकड-दस्तऐवज योजना लागू केली. तिच्यानुसार बाजारासाठी पकडलेल्या प्रत्येक माशाला क्रमांकाची पट्टी लागते; त्याची लांबी व वजन नोंदविले जाते आणि पकडीपासून विक्रीपर्यंत कागद त्याच्यासोबत जातो. बाजाराची वही व जहाजाची वही आता एकमेकींना बांधल्या गेल्या.

दुसरी सुधारणा वैज्ञानिक होती. बालीतील बेनोआ बंदरात उतरलेले प्रौढ मासे आणि पोर्ट लिंकनचे लहान मासे यांच्या ऊतींचे हजारो नमुने घेऊन ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी जनुकांवरून पालक व संततीच्या जोड्या शोधल्या. अशा ४५ जोड्या मिळाल्या आणि त्यांवरून प्रौढ माशांची संख्या काढण्यात आली. हे संशोधन २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. या पद्धतीला गळांचा हिशोब लागत नाही. कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागत नाही. अर्थात नमुने हाती येतात ते मच्छीमारांच्याच सहकार्याने, हेही नमूद केले पाहिजे.

हौशी मच्छीमाराची नोंद

२००० च्या दशकात व्हिक्टोरिया राज्यातील पोर्टलंडसारख्या किनाऱ्यांवर हा मासा पुन्हा मोठ्या संख्येने दिसू लागला आणि हौशी मच्छीमारांची गर्दी वाढली. त्यांच्या बाबतीत प्रश्न वेगळा आहे. त्यांचा मासा कायद्याने विकता येत नाही. साहजिकच लिलावाची वही त्यांच्याविषयी मौन बाळगते. खोटे लिहिण्याचा आर्थिक मोह त्यांना नसतो. पण लिहिण्याची सवयही नसते. मोठ्या माशाचे छायाचित्र जपले जाते; लहान मासा, सोडून दिलेला मासा आणि सोडल्यावर मेलेला मासा मात्र स्मरणातून निसटतो.

आयोगाने २०१४ मध्ये ‘देशाच्या नावे धरावयाची पकड’ ही संकल्पना व्यापक केली आणि हौशी मासेमारीतील व टाकून दिलेल्या माशांचाही तीत समावेश केला. त्यानंतर ऑस्ट्रेलियात २०१८-१९ मध्ये राष्ट्रव्यापी सर्वेक्षण झाले. त्यानुसार हौशी मच्छीमारांनी ठेवून घेतलेली पकड सुमारे २७० टन होती. देशाच्या कोट्याच्या तुलनेत हा आकडा लहान असला, तरी तो शून्य नव्हता. तो मिळाला याचे कारण असे की, सांगणाऱ्याला शिक्षेचे भय नव्हते आणि विचारणारा आपण होऊन त्याच्यापर्यंत गेला होता. व्यावसायिकाच्या बाबतीत पडताळणी हवी होती. हौशी माणसाच्या बाबतीत मुळात विचारणाच हवी होती.

समारोप

आयोगाने २०११ मध्ये पूर्वनिश्चित नियमांनुसार कोटा ठरविण्याची पद्धत स्वीकारली. त्या सुमारास प्रजननक्षम साठा मूळच्या सुमारे ५ टक्के उरला असल्याचा अंदाज होता. २०२३ च्या मूल्यमापनात तो २३ टक्क्यांवर आला. २००९ नंतर ९,४४९ टनांपर्यंत खाली आणलेला एकूण कोटा २०२४ ते २०२६ या काळासाठी २०,६४७ टन ठरला. २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने या माशाची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गातून ‘संकटग्रस्त’ वर्गात केली. या सुधारणेचे श्रेय केवळ खऱ्या नोंदींना देता येणार नाही. कमी केलेला कोटा हे तिचे प्रमुख कारण आहे. परंतु कमी केलेला कोटा कागदावरच राहिला नाही, याची शाश्वती पडताळलेल्या नोंदींनीच दिली.

प्रामाणिकपणा हा व्यक्तीचा गुण आहे, असे आपण मानतो. या माशाचा इतिहास असे दाखवितो की तो बऱ्याच अंशी व्यवस्थेचाही गुण आहे. एकच वही असते तेथे मोह वाढतो. दोन स्वतंत्र वह्या एकमेकींसमोर येतात तेथे खरे लिहिणे सोपे होते. खरे लिहिणाऱ्या मच्छीमाराला याचा सर्वाधिक लाभ आहे. कारण दडविलेल्या प्रत्येक टनाची भरपाई अखेरीस त्याच्याही वाट्याच्या कोट्यातून होत असते.