स्कॉटलंडच्या डोंगरवाटा : सॅकमध्ये काय असावे?

स्कॉटलंडच्या पश्चिम भागातील फोर्ट विल्यम या गावी ऐन जुलै महिन्यात दुपारचे तापमान सर्वसाधारणपणे १७-१८ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. पुण्या-मुंबईच्या वाचकाला हा आकडा सुखद वाटतो आणि फसगत होते ती येथेच. गावाच्या डोक्यावरचा बेन नेव्हिस हा ब्रिटनमधील सर्वोच्च डोंगर अवघा १३४५ मीटर उंचीचा, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षाही कमी. पण त्याच्या माथ्यावर १८८३ ते १९०४ या काळात चाललेल्या वेधशाळेच्या नोंदींनुसार तेथील वर्षभराचे सरासरी तापमान शून्याच्या जवळपास आहे आणि पाऊस ४००० मिलिमीटरहून अधिक. महाबळेश्वरला याहून जास्त पाऊस पडतो. पण तो चार महिन्यांत पडतो आणि मग निरोप घेतो. स्कॉटलंडमध्ये तो बाराही महिने मुक्कामाला असतो.

ग्लासगोजवळच्या मिलगाय येथून निघून लॉक लोमंड सरोवराचा काठ, रॅनॉक मूरचे उघडे माळरान आणि ग्लेन्कोचा परिसर ओलांडत फोर्ट विल्यमला पोहोचणारी 'वेस्ट हायलंड वे' ही १५४ किलोमीटरची पायवाट १९८० मध्ये अधिकृतरीत्या खुली झाली. सहा ते आठ दिवसांत ती चालून होते. तेथे जाणाऱ्या मराठी गिर्यारोहकाच्या गाठीला बहुधा दोन प्रकारचे अनुभव असतात. सह्याद्रीतल्या पावसाळी भटकंतीत माणूस नखशिखांत भिजतो, पण हवा उबदार असल्याने त्याचे काही बिघडत नाही. उलट तीच तर गंमत असते. हिमाचल-उत्तराखंडमध्ये थंडी कडक, परंतु बरीचशी कोरडी. तेथे जाड स्वेटर आणि जर्किन पुरते. स्कॉटलंडमध्ये पाऊस, थंडी आणि वारा एकत्र येतात. म्हणून या दोन्ही अनुभवांवर विसंबून भरलेली सॅक तेथे दगा देते.

भिजलेल्या माणसाला गारठून मरण येण्यासाठी बर्फाची गरज नसते. मार्च १९६४ मध्ये इंग्लंडच्या डर्बीशायरमधील डोंगराळ माळावर 'फोर इन्स' नावाच्या दीर्घ पल्ल्याच्या चालीत तीन तरुण रोव्हर स्काउट पाऊस-वाऱ्यात सापडून दगावले. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेतील शरीरक्रियाशास्त्रज्ञ ग्रिफिथ प्यू यांनी या दुर्घटनेचा अभ्यास केला. कपडे भिजले आणि त्यावर वारा वाहू लागला की त्यांची ऊब धरून ठेवण्याची शक्ती बहुतांशी नाहीशी होते, हे त्यातून स्पष्ट झाले. शरीराचे आतील तापमान ३५ अंशांखाली गेले की हायपोथर्मियाची अवस्था सुरू होते. आधी हुडहुडी, मग अडखळती चाल, जड जीभ आणि शेवटी विचारशक्तीच मंदावते. त्या क्षणी सॅकमध्ये कोरडा स्वेटर असूनही तो काढून घालण्याचे सुचत नाही.

त्यामुळे पहिला नियम असा की, सुती कपडे घरी ठेवावेत. आपल्याकडे सुती म्हणजे उत्तम हा संस्कार पक्का आहे आणि आपल्या हवेत तो योग्यही आहे. पण सुती टी-शर्ट पाणी शोषतो, लवकर वाळत नाही आणि अंगाला चिकटून उष्णता ओढून घेतो. जीन्स तर त्याहून वाईट. भिजलेली जीन्स घालून दिवसभर चालणे ही शिक्षाच होय. अंगालगत मेरिनो लोकरीचा किंवा पॉलिस्टरचा पातळ, पूर्ण बाह्यांचा बनियन असावा. त्यावर फ्लीस. एका जाडजूड कपड्यापेक्षा दोन-तीन पातळ थर सोयीचे, कारण चढावर घाम येऊ लागला की एक काढता येतो. घामानेही माणूस भिजतोच, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. थांबल्यावर घालण्यासाठी एक उबदार जॅकेट वेगळे ठेवावे. पिसांचे जॅकेट वजनाला हलके असले तरी ओले झाल्यावर निरुपयोगी ठरते. येथे कृत्रिम तंतूंचे भरण असलेलेच बरे.

सर्वांत वरचा थर जलरोधक जॅकेटचा. रबराचा थर देऊन कापड जलरोधक करण्याचे पेटंट १८२३ मध्ये घेणारे चार्ल्स मॅकिन्टॉश हे ग्लासगोचेच, यात आश्चर्य नाही. आपल्याकडील साधा विंडचीटर तासाभराच्या पावसात झिरपू लागतो. जॅकेटचे शिवण आतून पट्टीने बंद केलेले असावेत आणि टोपीला पुढे कडक झालर असावी. जुने जॅकेट असेल तर त्याला पाणी झटकून टाकणारा लेप पुन्हा द्यावा. जलरोधक पँट मात्र बहुतेक जण विसरतात आणि पहिल्याच दिवशी पस्तावतात. बुटांवरूनच चढवता येईल, अशी पायापाशी चेन असलेली पँट घ्यावी. छत्री नेऊ नये. पोंचोही रॅनॉक मूरच्या वाऱ्यात शिडासारखा फुगतो.

बूट घोट्यापर्यंतचे आणि महिनाभर वापरून मळवलेले हवेत. ते भिजणार हे गृहीत धरावे. मुक्कामी आतमध्ये वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवल्यास बरेच पाणी शोषले जाते. लोकरी मोज्यांचे तीन जोड पुरेत, त्यांपैकी एक केवळ झोपण्यासाठी. हातमोज्यांचे दोन जोड आणि कानटोपी उन्हाळ्यातही लागतात.

सॅकच्या बाहेरून घालायचे आवरण वाऱ्याने उडून जाते आणि पाठीच्या बाजूने पाणी आत येतेच. तेव्हा आतूनच एक जाड, मोठी प्लॅस्टिकची पिशवी अस्तरासारखी घालावी. स्लीपिंग बॅग आणि कोरड्या कपड्यांचा एक संपूर्ण जोड त्यातही वेगळ्या बंद पिशव्यांत असावा. हा जोड मुक्कामाला पोहोचल्यावरच अंगावर चढवायचा. सकाळी कालचेच ओले कपडे पुन्हा घालावे लागतात. ते नकोसे वाटले तरी कोरडा जोड मोडू नये.

नकाशा आणि होकायंत्र बरोबर हवेतच. मोबाइल भिजतो, थंडीत त्याची बॅटरी लवकर उतरते आणि दऱ्यांमध्ये संपर्क मिळेलच असे नाही. शिट्टीही हवी. संकटात एका मिनिटात सहा शिट्या, मग मिनिटभर शांतता, असा तेथील संकेत आहे. दूरध्वनी लागला तर ९९९ किंवा ११२ वर पोलीस आणि त्यानंतर माउंटन रेस्क्यूची मागणी करावी. हे बचावपथक बहुतांशी स्वयंसेवकांचे असते व त्यासाठी शुल्क आकारले जात नाही. जूनमध्ये उजेड सतरा तासांहून अधिक, तर डिसेंबरात जेमतेम सात. डोक्याला बांधायची विजेरी मात्र दोन्ही ऋतूंत असावी.

जून ते सप्टेंबर या काळात मिज नावाच्या चिमुकल्या माश्या थव्याने चावतात. वारा पडला की त्या हजर. चेहऱ्यावर ओढायची बारीक जाळी आणि कीटकरोधक मलम यांना पर्याय नाही. गवतात गोचिडीही असतात व त्यांच्यापासून लाइम रोग होऊ शकतो, म्हणून त्या काढण्याचा छोटा चिमटा ठेवावा. मे महिना या दृष्टीने सर्वांत सुसह्य.

खाण्यासाठी चिक्की, खाकरा, शेंगदाणे, खजूर उत्तम. पेढे-बर्फीसारखे दुधाचे पदार्थ भारतातून ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत. स्टोव्हचा गॅसही विमानातून नेण्यास मनाई आहे. तो तिकडेच विकत घ्यावा.

एवढे सारे मिळून वजन दहा-बारा किलोंपुढे जाऊ नये. या वाटेवर सामान एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामी पोहोचवणाऱ्या गाड्यांची सोय आहे; ती घेण्यात कमीपणा नाही, मात्र जलरोधक कपडे, उबदार जॅकेट आणि नकाशा त्या गाडीत चढवू नयेत. निघण्याच्या आठवडाभर आधी भरलेली सॅक न्हाणीघरात पाच मिनिटे शॉवरखाली धरून पाहावी. आतला एखादा मोजा ओला निघालाच, तर पिशवी बदलण्यास तेव्हा वेळ असतो.