रेडिओ-नियंत्रित ऑफ-रोड मोटार शर्यती : धावपृष्ठाची निवड

रेडिओ तरंगांच्या साहाय्याने दुरून चालविल्या जाणाऱ्या प्रतिकृती मोटारींच्या ज्या शर्यती उंचवटे, खळगे व उड्या असलेल्या मार्गावर घेतल्या जातात, त्यांना ऑफ-रोड (रस्त्याबाहेरील) शर्यती म्हणतात. या शर्यतींचा मार्ग माती, गवत, कृत्रिम गवत किंवा गालिचा यांपैकी कशाचा असावा, हा प्रश्न या खेळाच्या आरंभापासून आयोजकांपुढे आहे. शर्यतीचा खर्च, मोटारीची रचना आणि चालकाच्या कोणत्या कौशल्याचा कस लागावा, या तिन्ही गोष्टी या निवडीवर अवलंबून असतात.

इतिहास : रेडिओ-नियंत्रित मोटारी १९६६ मध्ये इटलीतील एल-जी या कंपनीने विक्रीस आणल्या. आरंभीच्या शर्यती डांबरी किंवा काँक्रीटच्या सपाट पृष्ठभागावर होत. जपानच्या तामिया कंपनीने १९७९ मध्ये ‘सँड स्कॉर्चर’ व ‘रफ रायडर’ या १ : १० प्रमाणाच्या मोटारी बाजारात आणल्या आणि खडबडीत जमिनीवर धावणाऱ्या मोटारींचा प्रसार झपाट्याने झाला. अमेरिकेतील असोशिएटेड कंपनीची १९८४ ची ‘आरसी१०’ ही मोटार शर्यतीसाठीच आखलेली होती. तिच्यातील तेलयुक्त धक्काशोषकांमुळे उड्या व खळगे असलेल्या मार्गावर अधिक वेग राखणे शक्य झाले. १ : १० प्रमाणाच्या विजेवरील ऑफ-रोड मोटारींची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९८५ मध्ये कॅलिफोर्नियातील डेल मार येथे, तर दुसरी १९८७ मध्ये इंग्लंडमधील रॉम्सी येथे झाली. कॅलिफोर्नियाच्या कोरड्या हवेत मातीचे मार्ग वर्षातील बराच काळ वापरता येतात. इंग्लंडच्या दमट हवेत मात्र मातीचा चिखल होत असल्याने तेथील अनेक मंडळे गवताच्या मैदानावर शर्यती घेत. अशा रीतीने प्रत्येक देशाच्या हवामानानुसार धावपृष्ठाच्या निरनिराळ्या परंपरा निर्माण झाल्या.

मातीचे धावपृष्ठ : या मोटारींच्या लहान आकारामुळे जमिनीचा परिणाम मोठ्या मोटारींहून वेगळा होतो. १ : १० प्रमाणाच्या मोटारीपुढे आलेला १ सेंमी.चा खडा हा खऱ्या मोटारीपुढील १० सेंमी.च्या दगडासारखा असतो. शिवाय लांबी दहापट कमी केली असता वजन सु. हजारपट, तर टायरचे जमिनीशी असलेले स्पर्शक्षेत्र सु. शंभरपट घटते. त्यामुळे जमिनीवरील दाब कमी पडतो आणि सु. १.५ किग्रॅ. वजनाची मोटार धुळीच्या पातळ थरावरूनही घसरते. सैल मातीवर यासाठी लांब खुंट्यांचे मऊ टायर वापरतात.

वाळूचे प्रमाण अधिक असलेली माती लवकर सुटते. चिकणमाती दाबून घट्ट बसते, पण वाळताना आकसून तिला भेगा पडतात. म्हणून दोहोंचे योग्य मिश्रण चाळून, पाणी मारून व धुमसून मार्ग तयार करतात. ओल टिकविण्यासाठी हवेतील बाष्प शोषून घेणारे कॅल्शियम क्लोराइड काही ठिकाणी मिसळतात. बंदिस्त मार्गांवर पकड वाढविण्यासाठी साखरेचे पाणीही शिंपडले जाते. घट्ट चिकणमातीवरून मोटारी सतत धावल्या, की टायरचे रबर घासून तेथे काळसर, चकचकीत पट्टा तयार होतो. या पट्ट्यावर पकड उत्तम मिळते. मात्र त्याबाहेर धूळ साचलेली असल्याने पुढील मोटारीस ओलांडणे कठीण जाते.

मातीचा पृष्ठभाग एकाच दिवसात अनेकदा बदलतो. सकाळी ओलसर असलेला मार्ग दुपारी कोरडा पडतो, खळगे वाढतात आणि सकाळचा टायर निरुपयोगी ठरतो. हा बदल ओळखणे हे चालकाचे महत्त्वाचे कौशल्य मानले जाते. मात्र पात्रता फेऱ्यांत वेगवेगळ्या वेळी धावणाऱ्या गटांना समान संधी मिळत नाही. हा दोष कमी करण्यासाठी मोठ्या स्पर्धांत सर्व फेऱ्यांतील सर्वोत्तम वेळ धरण्याऐवजी प्रत्येक फेरीतील क्रमानुसार गुण देण्याची पद्धत रूढ झाली.

कृत्रिम गवत व गालिचा : नैसर्गिक गवताचा मार्ग वळणांवर लवकर झिजतो व पावसात निसरडा होतो. त्यामुळे ब्रिटन व यूरोपातील अन्य देशांत कृत्रिम गवताचा वापर वाढला. पाऊस थांबल्यावर त्यावर लवकर शर्यत सुरू करता येते, धूळ उडत नाही आणि मार्गाची पकड दिवसभर बरीच स्थिर राहते. हिवाळ्यात व्यायामशाळांसारख्या बंदिस्त जागी गालिचा अंथरून लाकडी उंचवट्यांचा मार्ग एका दिवसात उभारता व काढता येतो. अशा पृष्ठभागांवर बारीक खुंट्यांचे टायर वापरतात. सर्वांनी एकाच प्रकारचे टायर वापरावेत असा नियम करून खर्चावर मर्यादाही घालता येते. पकड फार झाल्यास मात्र मोटार वळणावर घसरण्याऐवजी उलटते.

मोटारींच्या रचनेवरील परिणाम : सैल मातीवर मागील चाकांवर भार येणे आवश्यक असल्याने दोन चाकांना चालना असलेल्या मोटारींत विद्युत् चलित्र दीर्घकाळ मागील आसाच्या मागे बसविले जाई. घट्ट चिकणमाती, कृत्रिम गवत व गालिचा यांचा प्रसार झाल्यावर २०१० नंतरच्या दशकात चलित्र आसाच्या पुढे, मोटारीच्या मध्याकडे बसविण्याची रचना प्रचलित झाली. असोशिएटेड कंपनीने २०१६ मध्ये जास्त पकडीच्या पृष्ठभागांसाठी ‘बी६’ व मातीसाठी ‘बी६डी’ अशा दोन मोटारी आणल्या. इतर उत्पादकांनीही माती व गालिचा यांसाठी स्वतंत्र आवृत्त्या काढल्या. परिणामी दोन्ही प्रकारच्या मार्गांवर भाग घेणाऱ्या स्पर्धकाला दोन मोटारी बाळगाव्या लागतात किंवा एकीत बरेच फेरफार करावे लागतात.

मूल्यमापन : कोणतेही एक धावपृष्ठ सर्व दृष्टींनी श्रेष्ठ ठरत नाही. मातीच्या मार्गास साहित्य स्वस्त पडते, परंतु पाणी, मजुरी व नित्य डागडुजी लागते. कृत्रिम पृष्ठभागाचा प्रारंभिक खर्च अधिक असला, तरी तो हवामानावर कमी अवलंबून असतो. मातीवर बदलत्या जमिनीशी जुळवून घेण्याची क्षमता, तर गालिच्यावर अचूकता व सातत्य यांची कसोटी लागते. १ : ८ प्रमाणाच्या एंजिनयुक्त मोटारींच्या शर्यती मुख्यतः उघड्यावरील मातीवरच होतात. लहान विद्युत् मोटारींच्या बाबतीत मात्र ‘रस्त्याबाहेरील’ हे नाव कायम असले, तरी अनेक ठिकाणी खेळाचा जमिनीशी असलेला मूळ संबंध उरलेला नाही. म्हणून धावपृष्ठाची निवड ही केवळ सोयीची बाब नसून खेळाचे स्वरूप निश्चित करणारा निर्णय ठरते.