संकल्पांची वही आणि टेलिफोन

डिसेंबर संपत आला की आपण सगळेच थोडे सावकार होतो, आणि कर्जदारही आपणच असतो. काय राहिलं, काय मोडलं, याची वसुली स्वतःकडूनच सुरू होते. दिवाळीत वहीपूजन आणि पाडव्याला गुढी ही आपली जुनी रीत. १ जानेवारीचा संकल्प त्या मानाने आयात माल. पण तो आपल्याकडे चांगलाच रुजला आहे.

लंडनचा रोजनिशीकार सॅम्युएल पीप्स याची हकिगत या बाबतीत ऐकण्यासारखी आहे. १६६१ च्या ३१ डिसेंबरला त्याने लिहून ठेवलं, की नाटक आणि मद्य वर्ज्य करण्याची शपथ आपण नुकतीच घेतली आहे. पुढे ती मोडली, पुन्हा घेतली, पुन्हा मोडली. रविवारी हा गृहस्थ आपल्या शपथा वाचून काढी, आणि चुकल्याबद्दल स्वतःलाच दंड करून पैसे गरिबांच्या पेटीत टाकी. नौदलाच्या कचेरीतला वरचा अधिकारी तो. कचेरीतली शिस्त त्याने मनालाही लावली. गरिबांचा फायदा झाला असेल, त्याला स्वतःला किती झाला कोण जाणे!

त्याच लंडनमध्ये जवळजवळ तीनशे वर्षांनी एक वेगळा प्रयोग झाला. चॅड व्हारा नावाचे एक धर्मोपदेशक होते. १९३५ साली, अगदी तरुणपणी, त्यांच्यावर पहिला अंत्यविधी करण्याची वेळ आली ती एका चौदा वर्षांच्या मुलीचा. तिला पाळी आली होती आणि आपल्याला गुप्तरोग झाला, असा तिचा समज झाला. विचारायला कोणी नव्हतं. त्या मुलीने आयुष्य संपवलं. ही गोष्ट व्हारा विसरू शकले नाहीत.

२ नोव्हेंबर १९५३ रोजी सेंट स्टीफन वॉलब्रूक या चर्चमध्ये त्यांनी टेलिफोनवर पहिली हाक घेतली. तेव्हा आत्महत्येचा प्रयत्न हा इंग्लंडमध्ये गुन्हा होता. तो कायदा १९६१ मध्ये बदलला. म्हणजे ज्याला आधार हवा, त्याने बोलायचं तर तुरुंगाची भीती. (हेच व्हारा लहान मुलांच्या ‘ईगल’ या चित्रकथांच्या साप्ताहिकासाठी लिहीतही असत. माणूस मोठा हरहुन्नरी!)

लोक इतके येऊ लागले, की त्यांना ताटकळत बसावं लागे. त्यांना चहा द्यायला, दोन शब्द बोलायला काही स्वयंसेवक असत. थोड्याच दिवसांत व्हारांच्या लक्षात आलं, की पुष्कळ जण या चहावाल्यांपाशीच मन मोकळं करतात आणि त्यांना भेटण्याची गरज न उरता घरी जातात. फेब्रुवारी १९५४ मध्ये त्यांनी टेलिफोन स्वयंसेवकांच्याच हाती सोपवला. ‘समॅरिटन्स’ ही संस्था उभी राहिली ती अशी. माझ्या मते त्यांचं खरं मोठेपण या निर्णयात आहे.

शास्त्रीय समुपदेशनाची वाट याच्या थोडी आधी पडली होती. अमेरिकेत कार्ल रॉजर्स यांनी १९४२ च्या ग्रंथात समोरच्या माणसाला ‘रुग्ण’ म्हणणं टाळलं. उपदेश कमी, ऐकणं जास्त, असा त्यांचा आग्रह. आपल्याकडे चेन्नईत १९८६ मध्ये ‘स्नेहा’ सुरू झाली, ठाण्यात १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी मानसिक आरोग्य संस्था काढली. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस गुन्हेगार नव्हे, तीव्र ताणाखाली आहे असं धरावं, हे आपल्या कायद्यात यायला मात्र २०१७ साल उजाडलं.

‘स्वतःविषयी करुणा’ हा शब्दप्रयोग हल्ली फार ऐकू येतो. क्रिस्टिन नेफ या अमेरिकन संशोधिकेने ती मोजण्याची मापनश्रेणी २००३ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांनी आधार घेतला तो बौद्ध विचाराचा. पाचव्या शतकातल्या बुद्धघोषाने ‘विसुद्धिमग्गा’त मैत्रीभावनेची सुरुवात स्वतःपासूनच करायला सांगितली आहे. तेव्हा हा माल तरी आयात नाही.

मी हे सगळं तटस्थपणे सांगत नाही. पत्नी गेल्यानंतर मी समुपदेशकाकडे जाऊ लागलो. इतिहास शिकवण्यात चाळीस वर्षं घालवलेल्या माणसाला आपलं दुःख तारीखवार सांगता येतं, पण बोलता येत नाही, हे तिथे कळलं. नववर्षाच्या सुमारास घर जास्तच रिकामं वाटतं. पहिल्या डिसेंबरात मी तिथे संकल्पांची यादी नेली होती. समुपदेशक बाईंनी ती बाजूला ठेवली आणि विचारलं, “काका, यातलं तुमच्या मित्राला तुम्ही करायला सांगितलं असतं का?” यादीतल्या अकरा कलमांपैकी दोन उरली.

ज्यांना असं कोणाकडे जाणं जमत नाही, त्यांच्यासाठी २०२२ पासून सरकारची ‘टेली मानस’ ही सेवा आहे. १४४१६ या क्रमांकावर फुकट, रात्रंदिवस, मराठीतही बोलता येतं; ३१ डिसेंबरच्या रात्रीसुद्धा. व्हारांचा तो पहिला टेलिफोन वॉलब्रूकच्या चर्चमध्ये अजून जपून ठेवला आहे.

माझी पुढची वेळ जानेवारीच्या पहिल्या मंगळवारी आहे. नव्या डायरीत सध्या तेवढीच नोंद केली आहे.