परदेशात राहताना गाडी चालवायचीय? इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट (आयडीपी) काढण्यापासून वापरण्यापर्यंतची सगळी माहिती



समजा, तुम्ही जाफराबादचे आहात. जालन्याच्या आरटीओतून लायसन्स काढलंय आणि एमएच-२१ ची गाडी भोकरदन, टेंभुर्णी, जालना अशी मनसोक्त फिरवलीय. आता शिक्षणासाठी जर्मनीला किंवा नोकरीसाठी दुबईला, जपानला निघालाय. बॅग भरताना कुणीतरी सांगतं, "आयडीपी काढून घे, मग वर्षभर कुठंही गाडी चालव."

हा सल्ला अर्धाच खरा आहे. आयडीपी काढायलाच हवं, पण परदेशात राहायला गेलेल्या माणसाला ते बऱ्याच देशांत वर्षभर चालत नाही. कुठं सहा महिने, कुठं साठ दिवस, तर कुठं एक दिवसही नाही. हे माहीत नसेल तर खिशात परमिट असूनही तुम्ही कायद्याने "विना लायसन्स" ठरू शकता. म्हणून आज आपण आयडीपी कसं काढायचं आणि ते कुठपर्यंत चालतं, या दोन्ही गोष्टी नीट समजून घेऊ.

आयडीपी म्हणजे नेमकं काय?

आयडीपी हे वेगळं लायसन्स नाही. तुमच्याकडं असलेल्या भारतीय लायसन्सचं ते अनेक भाषांतलं अधिकृत भाषांतर आहे. छोट्या पुस्तिकेसारखं असतं. त्यात तुमचा फोटो, माहिती आणि तुम्हाला कोणत्या वर्गाची गाडी चालवता येते हे लिहिलेलं असतं.

१९४९ साली जिनिव्हात रस्ते वाहतुकीबद्दल एक आंतरराष्ट्रीय करार झाला. भारत त्या करारात आहे, म्हणून आपलं आयडीपी त्याच नमुन्यात निघतं. त्याची मुदत एक वर्ष, किंवा तुमच्या लायसन्सची मुदत, यातलं जे आधी संपेल तेवढी. पूर्वी प्रत्येक राज्याच्या आयडीपीचा रंग आणि आकार वेगळा असायचा, त्यामुळं परदेशात लोकांना अडचण यायची. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्र सरकारने नियम बदलून देशभर एकच नमुना केला आणि आयडीपी मूळ लायसन्सशी जोडण्यासाठी क्यूआर कोडची सोय केली.

दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. एक, मूळ लायसन्स सोबत नसेल तर नुसत्या आयडीपीला काही अर्थ नाही. दोन, भारतात काढलेलं आयडीपी भारतात गाडी चालवायला उपयोगाचं नाही.

फिरायला जाणं वेगळं, राहायला जाणं वेगळं

बहुतेक मुलं इथंच फसतात. आयडीपीची कल्पना मुळात तात्पुरत्या पाहुण्यासाठी आहे. तुम्ही पंधरा दिवस फिरायला गेलात तर प्रश्न सरळ आहे. पण स्टुडंट व्हिसावर किंवा वर्क परमिटवर जाऊन घर भाड्यानं घेतलं, पत्ता नोंदवला, की अनेक देश तुम्हाला "रहिवासी" धरतात. त्या दिवसापासून वेगळी मुदत मोजायला सुरुवात होते. ती संपली की तिथलंच लायसन्स लागतं, मग आयडीपीवर आणखी चार महिने शिल्लक असले तरी.

म्हणजे आयडीपीवर छापलेली तारीख एक आणि त्या देशाच्या कायद्यातली तारीख दुसरी. जी आधी येते ती खरी.

कोणत्या देशात किती दिवस चालतं?

जर्मनी: राहायला गेल्यापासून भारतीय लायसन्सवर सहा महिने. मुक्काम एकूण बारा महिन्यांपेक्षा जास्त नसेल हे दाखवता आलं तर मुदतवाढ मिळू शकते. जर्मनी १९६८ च्या व्हिएन्ना करारातला देश आहे आणि आपलं आयडीपी १९४९ च्या नमुन्यातलं. त्यामुळं लायसन्सचं जर्मन भाषांतरही जवळ ठेवलेलं बरं. एडीएसी हा तिथला वाहनचालकांचा क्लब असं भाषांतर करून देतो. सहा महिन्यांनंतर लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा देऊन जर्मन लायसन्स घ्यावं लागतं, आणि ते हातात देताना भारतीय लायसन्स जमा करून घेतात.

संयुक्त अरब अमिराती (दुबई, अबू धाबी वगैरे): व्हिजिट व्हिसावर असाल तर आयडीपी चालतं. रेसिडेन्सी व्हिसा लागला की मात्र तिथलंच लायसन्स हवं. नोकरीला गेलेल्यांनी हे खास लक्षात ठेवा.

जपान: १९४९ च्या नमुन्यातलं आयडीपी मानतात, म्हणजे आपलं चालतं. देशात उतरल्यापासून एक वर्ष किंवा आयडीपीची मुदत, जे आधी संपेल ते. पण काही जण सुट्टीत गावाकडं येतात, नवीन आयडीपी काढतात आणि परत जाऊन गाडी चालवतात. ते तिथं चालत नाही. रहिवासी म्हणून नोंद असेल तर जपानबाहेर सलग तीन महिने तरी राहावं लागतं, तेव्हाच नवं वर्ष मोजलं जातं.

ब्रिटन: रहिवासी झाल्यापासून बारा महिने भारतीय लायसन्सवर गाडी चालवता येते. त्यानंतर तिथलं प्रोव्हिजनल लायसन्स काढून परीक्षा द्यायची.

अमेरिका: प्रत्येक राज्याचा नियम वेगळा. कॅलिफोर्नियात रहिवासी झाल्यावर दहा दिवसांत तिथलं लायसन्स काढायला सांगतात, टेक्सासमध्ये नव्वद दिवस मिळतात.

कॅनडा (ऑन्टारिओ): राहायला आल्यापासून साठ दिवस.

ऑस्ट्रेलिया (न्यू साउथ वेल्स): तात्पुरत्या व्हिसावर सहा महिने.

फिलिपिन्स: मेडिकलला जाणाऱ्या मुलांसाठी महत्त्वाचं. देशात आल्यापासून नव्वद दिवस.

चीन: आयडीपी मानतच नाहीत. तिथलं लायसन्स काढल्याशिवाय स्टिअरिंगला हात लावायचा नाही.

नियम बदलत असतात. म्हणून निघण्याआधी त्या देशाच्या, आणि अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियाच्या बाबतीत त्या राज्याच्या, सरकारी वेबसाइटवर एकदा खात्री करून घ्या.

मुदत चुकली तर काय होतं?

पावती फाडून सुटका होईल असं समजू नका. जर्मनीत ग्राह्य लायसन्सशिवाय गाडी चालवणं हा फौजदारी गुन्हा आहे. एक वर्षापर्यंत तुरुंगवास किंवा दंड होऊ शकतो. जपानमध्ये ही शिक्षा तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास किंवा पाच लाख येनपर्यंत दंड अशी आहे. त्यात अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते किंवा भरपाईचे पैसे तुमच्याकडून वसूल करू शकते. व्हिसाचं नूतनीकरण करताना गुन्ह्याची नोंद आडवी येते ती वेगळीच. घरच्यांनी कर्ज काढून पाठवलेलं असतं. मित्राची गाडी "जरा इथपर्यंत" नेण्यासाठी ते सगळं पणाला लावायचं का, हे आधीच ठरवा.

निघण्याआधी: अर्ज कसा करायचा?

१. आधी लायसन्सची मुदत बघा. एक वर्षाच्या आत संपणार असेल तर आधी लायसन्स रिन्यू करा. मुदत संपायच्या एक वर्ष आधीपासून रिन्यू करता येतं. हे काम परदेशातून करायला गेलात तर फार अवघड जातं.

२. लायसन्सवरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव जुळवून बघा. एकावर वडिलांचं नाव मधे आहे आणि दुसऱ्यावर नाही, आडनावाचं स्पेलिंग वेगळं, असं आपल्याकडं सर्रास असतं. दुरुस्ती इथंच करून घ्या.

३. मोबाईलवर परिवहन डॉट गव्ह डॉट इन ही केंद्र सरकारची साइट उघडा. ड्रायव्हिंग लायसन्सच्या सेवांमध्ये जाऊन महाराष्ट्र निवडा. 'सर्व्हिसेस ऑन डीएल' या पर्यायात लायसन्स नंबर आणि जन्मतारीख टाका. पुढं सेवांच्या यादीत इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट निवडा.

४. माहिती भरा. हा अर्ज म्हणजे फॉर्म ४-ए. लायसन्स, पासपोर्ट, पत्त्याचा पुरावा आणि फोटो तयार ठेवा.

५. फी भरा. नियमात आयडीपीची फी १००० रुपये आहे. इतर किरकोळ शुल्क स्क्रीनवर दिसेल. पावती डाउनलोड करून ठेवा.

६. आयडीपीचा समावेश आधार पडताळणीवर ऑनलाइन मिळणाऱ्या सेवांमध्ये २०२१ मध्ये झालाय. तो पर्याय दिसला तर आधार ओटीपीने काम पुढं सरकतं. नाहीतर पावती आणि मूळ कागद घेऊन जालन्याच्या आरटीओत जावं लागतं.

जानेवारी २०२१ च्या बदलानंतर अर्ज करताना व्हिसा आणि मेडिकल सर्टिफिकेटची सक्ती राहिलेली नाही. तरी व्हिसा किंवा तिकीट हातात असेल तर झेरॉक्स सोबत न्या, म्हणजे परत खेटा नको. विमानाच्या आदल्या आठवड्यात अर्ज करू नका, महिनाभर आधी करा. पण फार आधीही काढू नका, कारण एक वर्ष आयडीपी काढल्यापासून मोजतात, विमानात बसल्यापासून नाही.

मोबाईलवरून जमत नसेल तर जवळच्या आपले सरकार सेवा केंद्रात अर्ज भरून घेता येतो. फक्त मोबाईल नंबर तुमचाच द्या, केंद्रवाल्याचा किंवा एजंटचा नाही.

तुमच्या लायसन्सवर कोणता वर्ग आहे?

आयडीपीत तेवढेच वर्ग मिळतात जेवढे मूळ लायसन्सवर आहेत. फक्त गिअरच्या मोटरसायकलचं लायसन्स असेल तर आयडीपीवर 'ए' वर्ग येईल; त्यावर कार चालवता येणार नाही. कारसाठी 'बी' वर्ग लागतो.

आणखी एक खाचखळगा आहे. भारतात एलएमव्ही म्हणजे साडेसात टनांपर्यंतची गाडी. आयडीपीतला 'बी' वर्ग मात्र साडेतीन टनांपर्यंतच आहे, आणि प्रवासी गाडी असेल तर चालक सोडून आठ सीटपर्यंत. इथं पिकअप, टेम्पो चालवणाऱ्या मुलांनी परदेशात डिलिव्हरीची मोठी व्हॅन हातात घेण्याआधी गाडीचं वजन विचारावं.

फोनमध्ये आहे, मग कागद कशाला?

डिजिलॉकर आणि एमपरिवहन ॲपमधलं लायसन्स भारतात चालतं, कारण आपल्या कायद्यात तशी तरतूद आहे. परदेशातला पोलिस ते मान्य करायला बांधील नाही. तिथं तीन गोष्टी प्रत्यक्ष जवळ हव्यात: मूळ लायसन्सचं कार्ड, आयडीपीची पुस्तिका आणि पासपोर्ट. गाडी भाड्यानं देणाऱ्या कंपन्याही हेच मागतात. शिवाय त्यांची वयाची आणि लायसन्स किती जुनं असावं याची स्वतःची अट असते, ती बुकिंग करतानाच वाचा.

फोनचा खरा उपयोग वेगळाच आहे. आयडीपी आणि लायसन्सच्या दोन्ही बाजू स्कॅन करून क्लाउडवर ठेवा. कार्ड हरवलं तर नंबर तरी हाताशी राहील. आणि कॅलेंडरमध्ये दोन रिमाइंडर लावा: एक आयडीपीच्या मुदतीचं, दुसरं त्या देशातल्या मुदतीचं. दोन्ही दोन महिने आधीचे.

आयडीपीची मुदत परदेशातच संपली तर?

पूर्वी यासाठी भारतातच यावं लागायचं. जानेवारी २०२१ पासून त्या देशातल्या भारतीय दूतावासात किंवा वकिलातीत अर्ज देता येतो. तो अर्ज ऑनलाइन तुमच्या मूळ आरटीओकडं येतो, म्हणजे आपल्या बाबतीत जालन्याला. मंजुरीनंतर आयडीपी परदेशातल्या पत्त्यावर कुरिअरने पाठवलं जातं. पण तुमची त्या देशातली रहिवाशाची मुदत संपली असेल तर नवं आयडीपी आलं तरी उपयोग नाही. तेव्हा तिथलं लायसन्स काढणं हाच मार्ग.

यात एक गोष्ट मुलं हमखास विसरतात, ती म्हणजे भारतातलं सिमकार्ड. परिवहनच्या साइटचा आणि आधारचा ओटीपी त्याच नंबरवर येतो. परदेशात गेल्यावर रिचार्ज थांबतं, काही महिन्यांनी नंबर बंद होतो आणि पुढं तो दुसऱ्याच कुणाला मिळतो. मग अर्ज, बँक, आधार सगळंच अडकतं. म्हणून स्वस्तातलं रिचार्ज चालू ठेवा आणि शक्य असेल तर रोमिंगवर एसएमएस येतो का ते निघण्याआधी तपासा.

बनावट आयडीपीपासून सावध

गुगलवर शोधलं की "दहा मिनिटांत डिजिटल आयडीपी", "तीन वर्षांचं इंटरनॅशनल लायसन्स" अशा जाहिराती दिसतात. भारतीय लायसन्सवर मिळणारं आयडीपी एक वर्षाचंच असतं आणि ते कागदी पुस्तिकेच्या रूपातच असतं. जास्त मुदत किंवा फक्त पीडीएफ, यापैकी काहीही दिसलं तर पैसे देऊ नका. ते कार्ड कितीही चकचकीत असलं तरी पोलिसाच्या दृष्टीने रद्दी आहे.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आपलं लायसन्स इंग्रजीत आहे, मग आयडीपी कशाला? ब्रिटनसारख्या देशात नुसतं लायसन्सही चालतं. पण जपानसारख्या देशात भारतीय लायसन्स एकटं चालत नाही, आयडीपी लागतंच.

लर्निंग लायसन्सवर आयडीपी मिळतं का? नाही. पक्कं लायसन्स हवं.

जर्मनीत किंवा दुबईत बसून तिथल्या ऑफिसातून आयडीपी काढता येईल का? ज्या देशाचं लायसन्स, त्याच देशाचं आयडीपी. भारतीय लायसन्सवर भारतच ते देणार.

तिथलं लायसन्स काढायचं ठरलं तर भारतातून काय न्यावं? तुमचं लायसन्स खरं आहे आणि किती वर्षांचं आहे, याचा आरटीओचा उतारा म्हणजे डीएल एक्स्ट्रॅक्ट काढून न्या. ऑन्टारिओसारख्या ठिकाणी जुना अनुभव मोजायला तो उपयोगी पडतो.

शेवटचं

परदेशात पोहोचल्यावर आयडीपीकडं वर्षभराचा पास म्हणून बघू नका. तिथलं लायसन्स हातात येईपर्यंत मिळालेली ती थोडी सवड आहे. पहिल्याच महिन्यात तिथल्या परीक्षेची माहिती काढा आणि अभ्यासाला लागा. तोपर्यंत बस, ट्रेन, सायकल आहेच.

तुमच्या ओळखीत कुणी परदेशी निघालं असेल तर हा लेख त्यांना नक्की पाठवा, आणि त्यांचं लायसन्स कधी संपतंय ते आजच बघायला सांगा.