राजाचा पैसा आणि देवाचे घर

चामोर्शीपासून काही मैलांवर, वैनगंगेच्या काठी, मार्कंड्याचे प्राचीन देवालय आहे. महाशिवरात्रीला तेथे मोठी यात्रा भरते आणि आमचा सारा तालुका त्या वाटेला लागतो. अशाच एका यात्रेच्या दिवसांत माझे एक स्नेही, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी, माझ्याकडे चहाला आले होते. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्यावर ते थोडे संकोचून म्हणाले, "फादर, राग मानू नका. पण तुमच्या लोकांच्या शाळा, दवाखाने चालतात त्यांना पैसा कुठून येतो? आणि देणारा त्याच्या बदल्यात काय मागतो?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. विदेशी देणग्यांचे नियमन करणारा कायदा आपल्या देशात १९७६ साली झाला, २०१० साली तो नव्याने करण्यात आला आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी प्रत्येक देणगी प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली येथील एकाच शाखेत जमा व्हावी लागते. त्याचा हिशेब दरवर्षी सरकारला द्यावा लागतो. हे मी गुरुजींना समजावून सांगितले आणि त्यांचे समाधानही झाले. परंतु प्रश्नाचा दुसरा भाग ते गेल्यावरही माझ्यापाशी राहिला.

हा प्रश्न आपल्या भागाला नवा नाही. १९५६ पर्यंत आपला चांदा जिल्हा जुन्या मध्य प्रदेशात होता. त्या राज्याच्या सरकारने १९५४ साली नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश डॉ. भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. १९५६ साली तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात मिशनकार्याचा संबंध परदेशी पैशाशी आणि परदेशी राजकारणाशी जोडलेला होता. आपल्या वडीलधाऱ्यांना तो अहवाल अन्यायकारक वाटला आणि त्यातील अनेक निष्कर्ष मलाही मान्य नाहीत. तथापि अशी शंका लोकांच्या मनात का उद्भवते, याचा शोध घेऊ लागलो की पाऊल गोव्याच्या आणि वसईच्या वाटेने मागे जाते. मी मूळचा वसईचा. म्हणून हा इतिहास मला परका म्हणून सांगता येत नाही.

पंधराव्या शतकात पोर्तुगालच्या राजांना परमगुरूंकडून एक सनद मिळत गेली. नव्याने जिंकलेल्या मुलखात चर्च बांधणे, धर्मगुरूंचे वेतन देणे, मिशनऱ्यांचा प्रवासखर्च सोसणे ही जबाबदारी राजाची. आणि त्याच्या मोबदल्यात बिशप कोणी व्हावे हे सुचविण्याचा अधिकारही राजाचा. या व्यवस्थेला पाद्रोआदो म्हणतात. १४५५ चा पाचव्या निकोलस यांचा आदेश आणि १५१४ चा दहाव्या लिओ यांचा आदेश हे तिचे महत्त्वाचे टप्पे होत. त्या काळी यात कोणाला काही वावगे वाटले नसावे. समुद्रापलीकडे शुभवर्तमान न्यायचे तर जहाज हवे आणि जहाज राजाचे होते. परंतु जहाज ज्याचे, त्याचाच मार्गही असतो.

१५१० साली आफोन्सो द आल्बुकेर्कने गोवा जिंकला. १५४० च्या सुमारास तिसवाडीतील देवळे पाडण्यात आली. १५४१ साली त्या देवळांच्या जमिनींचे उत्पन्न श्रद्धाप्रसारासाठी स्थापन झालेल्या बंधुसंघाकडे वळविण्यात आले आणि त्यातून जी शाळा पोसली गेली ती पुढे संत पावलाचे महाविद्यालय म्हणून नावारूपाला आली. १५५६ साली भारतातील पहिला छापखाना याच महाविद्यालयात सुरू झाला, हे आपण अभिमानाने सांगतो. त्याच्या पायाशी कोणत्या जमिनीचा पैसा होता, हेही त्याच दमात सांगायला हवे. ८ मार्च १५४६ रोजी राजा तिसऱ्या जॉनने मूर्तिपूजेला बंदी घालण्याचा हुकूम गोव्याच्या अधिकाऱ्यांना पाठविला. १५५९ च्या कायद्याने अनाथ हिंदू मुलांना ताब्यात घेऊन ख्रिस्ती संस्कारात वाढविण्याची तरतूद झाली. अनाथ मुलाला छत्र देणे हे पुण्यच होय. पण ज्याला काका-मामा आहेत अशा मुलालाही शिपाई पाठवून उचलून आणणे, याला सुवार्ता म्हणता येणार नाही.

१५६० साली गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायपीठ, सुरू झाले. आलेइशो दियश फाल्कांव हे पहिले न्यायाधीश. ज्यांचे आपण नोव्हेना करतो त्या संत फ्रान्सिस झेवियर यांनीही १५४६ साली अम्बोइना बेटावरून राजाला पत्र लिहून अशा न्यायपीठाची मागणी केली होती. त्यांचा रोख प्रामुख्याने तेथील पोर्तुगीज वसाहतवाल्यांच्या वर्तनावर होता, हे खरे; पण मागणी त्यांनी केली होती, हेही खरे. न्यायपीठाचा पहिला तडाखा ज्यू वंशाच्या नवख्रिस्ती लोकांना बसला. भारतीय वनस्पती आणि औषधे यांवर १५६३ साली गोव्यात ग्रंथ प्रसिद्ध करणारे वैद्य गार्सिया द ओर्ता १५६८ साली वारले. १५६९ साली त्यांच्या बहिणीला जाळण्यात आले आणि १५८० साली खुद्द ओर्ता यांच्या अस्थी उकरून त्या जाळण्यात आल्या. पुढे एतद्देशीय ख्रिस्ती माणसे, जुने सण आणि चालीरीती मनातून न गेलेली, या न्यायपीठापुढे उभी राहू लागली. बाप्तिस्मा न घेतलेल्यांवरही धर्मांतरात अडथळा आणल्याचे किंवा जुने विधी केल्याचे आरोप ठेवले जात. १५६१ ते १७७४ या काळात सोळा हजारांहून अधिक खटले चालले. फ्रेंच वैद्य शार्ल देलाँ यांना १६७३ साली दमण येथे पकडण्यात आले. सुटका झाल्यावर त्यांनी १६८७ साली आपला अनुभव प्रसिद्ध केला, तेव्हा युरोपला या तुरुंगाची ओळख पटली.

याच भूमीवर दुसरी वाटही होती, याचा विसर पडू नये. १५६७ च्या गोव्यातील धर्मसभेने कोणालाही बळाने किंवा धाकाने श्रद्धेकडे आणणे योग्य नव्हे असे मान्य केले होते. मात्र त्याच सभेने अन्य धर्मांवरील निर्बंधांचीही मागणी केली. १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण छापले गेले. परक्या देशातून आलेल्या या माणसाने आपली मराठी आपलीशी केली. आणि १६८४ साली त्याच सत्तेच्या व्हाइसरॉयने लोकांनी तीन वर्षांत कोकणी सोडून पोर्तुगीज बोलावे असा हुकूम काढला! एका हाताने पेरायचे आणि दुसऱ्या हाताने उपटायचे, असाच हा प्रकार झाला.

अशा सत्तेला शेजाऱ्यांनी कसे उत्तर दिले? नोव्हेंबर १६६७ मध्ये शिवाजी महाराजांनी बारदेशावर स्वारी केली. मुंबईच्या इंग्रजांच्या पत्रात तिचे कारण व्हाइसरॉयचा धर्मविषयक कडक हुकूम हे दिलेले आहे. पोर्तुगीज कागद मात्र बारदेशात आश्रय घेतलेल्या बंडखोर देसायांकडे बोट दाखवितात. दोन्ही कारणे एकमेकांत मिसळलेली असणे अशक्य नाही. डिसेंबर १६६७ मध्ये तह झाला. तो मुख्यतः देसायांचा बंदोबस्त, कैदी आणि व्यापार यांविषयी होता. धर्माची जखम तहाच्या कलमांत क्वचितच येते. राज्यकर्ते आपल्या सोयीचे तेवढेच लिहून घेतात.

दुसरे उत्तर खुद्द रोमने दिले. राजांच्या हाती गेलेले मिशनकार्य परत आपल्या हाती घ्यावे, म्हणून १६२२ साली श्रद्धाप्रसार परिषद स्थापन झाली. दिवाडी बेटावर जन्मलेल्या मातेवश द कास्त्रो यांना गोव्यात गुरुदीक्षा नाकारण्यात आली होती. त्यांनी रोम गाठले, तेथे गुरुदीक्षा घेतली आणि १६३७ साली रोमनेच त्यांना बिशप करून विजापूरच्या राज्यासाठी पाठविले. एका गोमंतकीय धर्मगुरूने बिशपची टोपी घालणे गोव्यातील पोर्तुगीजांना मानवले नाही. भांडण विकोपाला गेले आणि त्यात दोन्ही बाजूंचा तोल सुटला. तरीही रोमला गोष्ट उमगली होती. १६५९ साली या परिषदेने आपल्या धर्मप्रचारकांना बजावले की, श्रद्धा आणि नीती यांना बाधक नसतील अशा लोकांच्या चालीरीती बदलण्याच्या भरीस पडू नये.

तिसरे उत्तर आपल्या वसईत मिळाले. अंजूरच्या गंगाजी नाईकांसारखी साष्टीतील माणसे पेशव्यांकडे धर्मछळाचे गाऱ्हाणे घेऊन गेली. १७३७ साली मोहीम सुरू झाली आणि मे १७३९ मध्ये वसईचा किल्ला चिमाजी अप्पांच्या हाती आला. चिमाजी अप्पांनी शरण आलेल्यांना मानाने निघून जाऊ दिले आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना आपला धर्म पाळण्याची मोकळीक दिली. छळाविरुद्ध निघालेली तलवार विजयाच्या घटकेला म्यान झाली, ही गोष्ट आपल्या मुलांना आपण सांगतो का?

चौथे उत्तर इंग्रजांचे. पोर्तुगालमध्ये पोंबालच्या कारकिर्दीत १७७४ साली गोव्याचे न्यायपीठ बंद झाले होते. पण १७७८ साली ते पुन्हा उभे राहिले. १८०७ साली नेपोलियनच्या भयाने पोर्तुगालचा राजपरिवार इंग्रजी आरमाराच्या संरक्षणात ब्राझीलला गेला. गोव्यात त्या वेळी इंग्रज पलटणही होती. १८०८ साली क्लॉडियस ब्युकॅनन हे स्कॉटिश धर्मोपदेशक गोव्यात येऊन न्यायपीठाची चौकशी करून गेले. फेब्रुवारी १८१० मध्ये रिओ द जानेरो येथे झालेल्या व्यापारी करारात, गोवा खुले बंदर होईल आणि तेथे सर्व धर्मपंथांना सहिष्णुतेने वागविले जाईल, असे पोर्तुगालकडून लिहून देण्यात आले. १८१२ साली न्यायपीठ कायमचे बंद झाले आणि त्याचे बहुतेक कागदपत्र नष्ट करण्यात आले. इंग्रजांचा हेतू निर्मळ होता असे नव्हे. त्यांना बंदर हवे होते. शिवाय त्यांच्या स्वतःच्या देशात कॅथोलिक माणसाला पार्लमेंटची दारे १८२९ पर्यंत बंद होती. तरी ओल्या गोव्यातली ती कोठडी रिकामी झाली, हे महत्त्वाचे.

वाचक म्हणतील, फादर, हे सारे जुने झाले. जुने झाले असते तर मला आनंदच झाला असता. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईवर हल्ला झाला. १६६ निरपराध माणसे मारली गेली. त्यासाठी मुंबईची टेहळणी करणारा डेव्हिड हेडली याने २०११ साली शिकागोच्या न्यायालयात साक्ष दिली की, पाकिस्तानच्या गुप्तचर खात्याच्या एका अधिकाऱ्याने आपल्याला २५ हजार डॉलर दिले होते. पाकिस्तान सरकारने आपला संबंध नाकारला. मात्र कटाचा काही भाग आपल्या भूमीवर शिजल्याचे फेब्रुवारी २००९ मध्ये मान्य केले. भारताने युद्ध न पुकारता पुराव्यांची फाईल त्यांच्या हाती ठेवली, संयुक्त राष्ट्रांकडे दाद मागितली. १० डिसेंबर २००८ रोजी तेथील समितीने जमात-उद-दावाला लष्कर-ए-तोयबाचेच दुसरे नाव म्हणून निर्बंधांच्या यादीत टाकले. दहशतवादाच्या पैशावर नजर ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कृतिदलाने जून २०१८ ते ऑक्टोबर २०२२ पर्यंत पाकिस्तानला संशयितांच्या यादीत ठेवले. हा मार्ग संथ आहे. ज्यांची माणसे गेली त्यांना तो अपुराच वाटणार. पण १६६७, १७३९ आणि १८१० सालांकडे पाहता असे दिसते की, देणाऱ्या सरकारला त्या देण्याची किंमत मोजावी लागली, म्हणजेच हात आखडू लागतो.

या गोष्टी एकाच मापाने मोजाव्यात असे मी म्हणत नाही. काळ वेगळे, माणसे वेगळी. परंतु देवाच्या नावावर राज्याचा पैसा ओतला गेला की काय घडते, हे दोन्हींकडे सारखेच दिसते. पैसा देणारा दूर राहतो, शेजारी शेजाऱ्याचा वैरी होतो आणि शेवटी ज्या धर्मासाठी हे सारे चालले असे सांगितले जाते, त्या धर्माच्याच तोंडाला काळे लागते. ख्रिस्तसभेने ७ डिसेंबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन महासभेत धर्मस्वातंत्र्याचे घोषणापत्र काढले. १२ मार्च २००० रोजी परमगुरू दुसरे जॉन पॉल यांनी ख्रिस्ती माणसांनी सत्याच्या नावाखाली केलेल्या असहिष्णुतेबद्दल देवाची जाहीर क्षमा मागितली. ही क्षमायाचना रोमच्या वेदीवर थांबू नये. ती आपल्या धर्मग्रामांतही उतरायला हवी.

वसईची एक गोष्ट सांगून थांबतो. १७३९ नंतर पोर्तुगीज धर्मगुरू निघून गेले. राजाची तिजोरी गेली, किल्ला गेला. काही कुटुंबे जुन्या धर्मात परतली. परंतु एतद्देशीय धर्मगुरू मागे राहिले आणि बाकीच्या लोकांनी, कोणताही राजा पाठीशी नसताना, आपली श्रद्धा जपली. माझ्या पणजोबांच्याही आधीच्या पिढ्या त्यांतल्या. आजची वसईची भरलेली चर्चे ही त्या गरिबीची कमाई आहे, व्हाइसरॉयच्या हुकमांची नव्हे.

गुरुजींना मी हे सारे पुढच्या भेटीत सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "फादर, हे तुम्ही स्वतःच सांगितलंत, ते बरं झालं. दुसऱ्यानं सांगितलं असतं तर मी तुमच्याकडे वेगळ्या नजरेनं पाहिलं असतं." नंतर आम्ही दोघे वैनगंगेकडे फिरायला गेलो. घाटावर यात्रेची दुकाने आवरली जात होती. आता आमच्या धर्मग्रामात दरवर्षी जमाखर्च चर्चच्या दारावर मराठीत लावतो, येणाऱ्या-जाणाऱ्या कोणालाही वाचता यावा म्हणून. देणारा काय मागतो, हा प्रश्न कोणीही केव्हाही विचारावा. त्याचे उत्तर देताना आपली मान खाली जाऊ नये, एवढेच मागणे मी देवाजवळ मागतो.