लेणे : एका शब्दाची वसती

डोंगराच्या पोटातील पोकळीला मराठीत शब्दांची वाण नाही. गुहा, विवर, भुयार, घळ, कपार, आणि आरपार गेलेल्या भोकाला नेढे, असे प्रत्येक आकाराला साजेसे नाव आपल्या पूर्वजांनी योजून ठेवले आहे. परंतु माणसाने छिन्नी-हातोड्याने कोरलेल्या पोकळीसाठी जो शब्द आपण सर्रास वापरतो, त्या ‘लेणे’ या शब्दाच्या मूळ अर्थात पोकळीचा मागमूसही नाही, ही गोष्ट मला नेहमीच विलक्षण वाटत आली आहे.

संस्कृत ‘लयन’, त्याचे पाली-प्राकृत रूप ‘लेण’, आणि त्यावरून आपले लेणे, ही परंपरा सरळ आहे. ‘ली’ म्हणजे चिकटणे, दडणे, विसावणे. आलय आणि निलय हे शब्द त्याच धातूच्या घरचे. विनयपिटकात बुद्धाने भिक्षूंना ज्या पाच लेणांची अनुज्ञा दिली, त्यांत विहार आहे, प्रासाद आहे, हर्म्य आहे, आणि गुहा ही केवळ त्या पाचांपैकी एक आहे. म्हणजे लेण हे मुळात आश्रयस्थान. ते विटांचे असो, लाकडाचे असो की पाषाणाचे. मात्र ज्या सह्याद्रीत काळ्या बेसॉल्टचे थर एकावर एक आडवे पसरले आहेत आणि पावसाळ्याचे चार महिने भटक्या श्रमणाला पाय रोवायला कोरडी जागा मिळणे मुश्कील असते, तेथे पाषाणातील आश्रयच तेवढे टिकले, लाकडी कुजून गेले, आणि उरलेल्या एका वस्तूला साऱ्या कुळाचे नाव आपसूक बहाल झाले.

त्या काळी लेणे हा किती रोकड्या हिशेबाचा विषय होता, हे पाहायचे असेल तर नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावरील दहाव्या लेण्यातला, क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख वाचावा. लेणे संघाला दान केल्यावर त्याने गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे ३००० कार्षापणांची कायम ठेव ठेवली. तीपैकी २००० वर दरमहा दरशेकडा १ आणि उरलेल्या १००० वर पाऊण असे व्याज ठरले, आणि मुद्दल कधीही परत घ्यावयाचे नाही, अशी अट घातली. वर्षावासात तेथे राहणाऱ्या २० भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यावयाचे होते. दोन हजारांचे सालभराचे व्याज २४० होते आणि वीस बारे तेवढेच भरतात. पुढे पेशवाईच्या दप्तरातल्या एखाद्या कारकुनानेही या बेरजेला नाक मुरडले नसते. या साऱ्या व्यवहाराची निगमसभेत फलकावर रीतसर नोंदही झाली होती. शांत, धूसर दालनात उभे राहून आपण वैराग्याचे चिंतन करतो, आणि भिंतीवर मात्र व्याजाचा दर कोरलेला असतो!

हा शब्द एकट्या महाराष्ट्राचा नव्हता. ओडिशात उदयगिरीच्या शिलालेखांतही लेण आहे, पण तेथील लोकांच्या तोंडी पुढे गुंफा रुजली: हाथीगुंफा, राणीगुंफा. सिंहलद्वीपातील प्राचीन ब्राह्मी लेखांत तो संघाला दिलेल्या शिलाश्रयांसाठी येतो, आणि आजच्या सिंहलीतही गुहा म्हणजे ‘लेन’च. असे दोन टोकांना दोन भाऊ उरले. लेण्याशेजारच्या पाण्याच्या टाक्याला शिलालेखांत ‘पोढि’ म्हणत. तो शब्द मात्र आपण गमावला, त्याची जागा टाक्याने घेतली.

यापुढची मौज निराळीच आहे. मराठीत ‘लेणे’ हे अंगावर घालण्याचे क्रियापद आहे. त्यावरून झालेले लेणे म्हणजे अलंकार, सौभाग्यलेणे. हा शब्द वेगळ्या कुळातला. दोघांची गाठ उच्चारात पडली एवढेच. पण सामान्य माणूस व्युत्पत्तीचा दाखला मागत नाही. डोंगराने अंगावर ल्यालेले ते लेणे, असा अर्थ त्याने मनोमन लावला, आणि पंडितांनी कितीही डोळे वटारले तरी तो मला पसंत आहे. वेरूळचे कैलास तर कातळ वरून खाली खोदीत मोकळे उभे केलेले मंदिर; तेथे शिरावे अशी गुहा नाही, आणि दडावे असा कोपराही फारसा नाही. तरी लोक त्याला लेणेच म्हणतात, कारण पहिला अर्थ जेथे थांबतो तेथे दुसरा हाताशी असतो.

अजिंठ्याची लेणी १८१९ साली जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने ‘शोधली’ असे पाठ्यपुस्तकांत लिहितात, आणि दहाव्या लेण्यातील खांबावर त्याने कोरलेले नाव व तारीख आजही आहेत. पण लेण्यांनजीकच्या खेड्याचे नाव लेणापूर आहे; म्हणजे तेथल्या लोकांना ती ठाऊकच होती.