चिरतरुणांचें वार्धक्य

कथेला आरंभ करणें सोपें असतें. ती कोठें संपवावी हें कळणें कठीण. त्यांतून ती कथा पैसे मिळवून देणारी असली, तर संपविणें जवळजवळ अशक्यच. म्हणून २६ एप्रिल २०१९ रोजीं ‘ॲव्हेंजर्स : एंडगेम’ हा अमेरिकन चित्रपट भारतांत प्रदर्शित झाला, तेव्हां इतिहासाच्या अभ्यासकानेंहि लक्ष द्यावें असें त्या घटनेंत कांहीं होतें. २००८ सालीं ‘आयर्न मॅन’पासून सुरू झालेल्या मालिकेंतला हा बाविसावा चित्रपट. अकरा वर्षें चाललेल्या मुख्य कथानकाची त्यांत समाप्ति होती.

आम्ही तो पाहावयास गेलों तो पुतण्याच्या आग्रहानें. मालिकेचा पहिला चित्रपट निघाला तेव्हां तो दहा वर्षांचा होता. हा निघाला तेव्हां एकवीस वर्षांचा. तीन तास एक मिनिटाच्या त्या खेळांत प्रेक्षकांनीं टाळ्या पिटल्या, आरोळ्या ठोकल्या; पण टोनी स्टार्क मरण पावला तेव्हां मात्र चित्रगृहांत कोणी बोलेना. शेजारीं बसलेला आमचा पुतण्या डोळे पुशीत होता. धातूचें चिलखत घालून आकाशांत उडणाऱ्या एका काल्पनिक अमेरिकन कारखानदारासाठीं मराठी घरांतल्या मुलानें कां रडावें? हा प्रश्न घेऊन आम्ही घरीं परतलों. आणि उत्तर शोधूं लागतांच सुमारें ऐंशी वर्षें मागें जावें लागलें.

हे अतिमानवी वीर मूळचे कागदावरचे. १९४० च्या डिसेंबरांत न्यूयॉर्क येथें ‘कॅप्टन अमेरिका’ या चित्रकथेचा पहिला अंक विक्रीस आला. तिचे कर्ते जो सायमन आणि जॅक कर्बी हे दोघेहि ज्यू कुटुंबांतले. अंकाच्या मुखपृष्ठावर त्यांचा नायक हिटलरला ठोसा लगावीत होता. आणि अमेरिका त्या युद्धांत उतरावयास अजून वर्षभराचा अवकाश होता. म्हणजे हा वीर केवळ करमणुकीसाठीं जन्मला नव्हता. यूरोपांत स्वधर्मीयांवर कोसळलेल्या संकटाला दोन तरुण कलावंतांनीं दिलेलें तें उत्तर होतें.

युद्ध संपलें आणि त्या नायकाचें प्रयोजनहि ओसरलें. १९६४ सालीं स्टॅन ली आणि कर्बी यांनीं त्याला परत आणलें, तेव्हां अडचण उभी राहिली : युद्धांतला हा शिपाई वीस वर्षांनीं तरुण कसा? त्यांनीं युक्ति काढली. तो इतके दिवस बर्फांत गोठून पडला होता! आयर्न मॅनची हकीकत याहून बोलकी आहे. १९६३ च्या चित्रकथेंत शस्त्रांचा हा कारखानदार व्हिएतनाममध्यें शत्रूच्या हातीं सांपडतो; २००८ च्या चित्रपटांत तीच घटना अफगाणिस्तानांत घडते. युद्ध बदललें, नायकाचें वय बदललें नाहीं. प्रत्येक पिढीला तो तरुणच मिळावा म्हणून त्याचा भूतकाळ पुढें पुढें सरकत राहिला. उंबेर्तो एको या इटालियन पंडितानें १९६२ सालींच सुपरमॅनवरील निबंधांत या कालहीनतेकडे बोट दाखविलें होतें. जो म्हातारा होत नाहीं, त्याच्या हातून कायमचें असें कांहीं घडतहि नाहीं. तो मेला तरी पुढें कधीं तरी परत येतो, आणि मग त्याच्या त्यागाला किंमत राहत नाहीं.

ही अवस्था मोडली ती चित्रपटानें. आणि तीहि कोणा तत्त्वज्ञाच्या विचारानें नव्हे, तर पैशाच्या निकडीनें. मार्व्हल कंपनीचें १९९६ च्या डिसेंबरांत दिवाळें निघालें होतें. स्पायडरमॅनसारख्या लोकप्रिय वीरांवर चित्रपट काढण्याचे हक्क इतरांच्या हातीं गेले होते. २००५ सालीं तिनें आपल्या दहा चित्रकथांचे हक्क तारण ठेवून ५२ कोटि ५० लक्ष डॉलरपर्यंतच्या कर्जाची तजवीज केली, आणि स्वतःच चित्रपट काढण्याचें साहस आरंभिलें. पहिल्या चित्रपटाचा नायक म्हणून निवडला रॉबर्ट डाउनी ज्युनियर. मादक पदार्थांच्या व्यसनापायीं तुरुंगवास भोगून सावरलेला, चाळिशी ओलांडलेला नट.

शाईच्या रेघेला वय नसतें. नटाच्या चेहऱ्याला असतें. अकरा वर्षें एकच नट एकच भूमिका करीत राहिला. त्याच्या मुद्रेवर काळाच्या खुणा उमटल्या, आणि त्याला पाहणारीं मुलेंहि वाढलीं. नटांचे करार संपत आले तसा कथेलाहि शेवट शोधावा लागला. या मर्यादेचेंच लेखकांनीं सोनें केलें. आदल्या चित्रपटांत थॅनॉस चुटकीसरशीं विश्वांतले अर्धे जीव नाहींसे करतो. येथें त्यावर पांच वर्षें लोटलीं आहेत. स्टार्कला आतां लहान मुलगी आहे, म्हणजेच गमावण्यासारखें कांहीं आहे. आणि तें असतांना तो प्राण देतो. बर्फानें तरुण राखलेला कॅप्टन अमेरिका भूतकाळांत जाऊन साधा संसार करतो, म्हातारा होऊन बांकावर बसलेला दिसतो, आणि आपली ढाल दुसऱ्याच्या स्वाधीन करतो. १९६४ सालीं चुकविलेलें वार्धक्य त्यानें अखेर स्वीकारलें. महाभारतकारांनींहि विजयी पांडवांना सिंहासनावर बसवून कथा संपविली नाहीं. त्यांना वृद्ध होऊं दिलें, महाप्रस्थानाला पाठविलें. ज्या घरांत ती कथा ठाऊक आहे, तेथें असा शेवट परका वाटण्याचें कारण नाहीं.

पण हा सारा व्यापारच नव्हे काय? आहेच. या चित्रपटानें जगभर सुमारें २८० कोटि डॉलर मिळविले. २०१९ च्या जुलैंत त्यानें ‘अवतार’चा उच्चांक मोडला, २०२१ सालीं ‘अवतार’नें तो परत मिळविला. शिवाय व्यापार शेवट मानीत नाहीं. २०२४ च्या जुलैंत घोषणा झाली कीं, डाउनी याच मालिकेंत परत येणार. मात्र एका खलनायकाच्या भूमिकेंत. कागदाची जुनी खोड पडद्यालाहि लागली, असें वाटून आम्ही खिन्न झालों.

पुतण्याला तसें बोलून दाखविलें, तेव्हां तो शांतपणें म्हणाला, “काका, टोनी तेव्हांच गेला. हा दुसरा कोणी तरी आहे.”

त्या उत्तरानें आमचें समाधान झालें. चेहरा परत आणणें धंद्याच्या हातीं असेल. पण ज्या मरणासाठीं एका पिढीनें अश्रु ढाळले, तें परत घेणें त्याच्या हातीं नाहीं. दहाव्या वर्षीं भेटलेल्या मित्राला त्या मुलानें एकविसाव्या वर्षीं निरोप दिला होता. तो निरोप त्यानें खरा मानला, म्हणूनच कथा संपली.